आपला विक्रम मोडणाऱ्याला पाना देणारी माणसे

या सदरात दोन महिन्यांपूर्वी अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानाविषयी आणि तेथे जुन्या, म्हणजे साठ-सत्तर वर्षांपासून शंभर वर्षांपर्यंतच्या मोटारसायकलींवर वेगाचे विक्रम करणाऱ्या मंडळींविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत इंजिनांविषयीचे प्रश्न मोजकेच होते. बहुतेकांना कुतूहल वाटले ते या माणसांच्या एकमेकांशी असलेल्या नात्याचे. त्यांतल्या निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपण लिहिले होते की, ज्याच्या नावावर विक्रम आहे तोच माणूस तो विक्रम मोडायला आलेल्याच्या गाडीपाशी गुडघे टेकून दुरुस्तीला हात लावतो. मी बुद्धिबळाच्या स्पर्धांत भाग घेतो. तेथे प्रतिस्पर्ध्याला कोणी चाल सुचवीत नाही. मग ही मंडळी संत आहेत, की आपल्याला तेवढीच भेटली?

उत्तर : संत मुळीच नाहीत, त्यांतल्या काहींच्या तोंडी असलेली भाषा येथे छापता येणार नाही. फरक खेळाच्या घडणीत आहे. बुद्धिबळात समोरचा हरल्याशिवाय आपण जिंकत नाही. येथे धावपट्टीवर एका वेळी एकच गाडी असते आणि ती मोजलेला मैल किती वेळात कापते एवढेच नोंदवले जाते. समोर माणूस नसतो, पुस्तकात छापलेला एक आकडा असतो. इंजिनाचे आकारमान, सांगाड्याचा प्रकार, हवेचा रोध कमी करणारे आवरण आहे की नाही, इंधन पंपावरचे की मेथॅनॉलसारखे खास, आणि इंजिन जुन्या बनावटीचे आहे की नव्या, यांवरून वर्ग ठरतात. हे वर्ग इतके बारीक पाडलेले आहेत की शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या एकाच वर्गात असणे हा बहुधा योगायोगच ठरतो. या धावा भरवणारी दक्षिण कॅलिफोर्नियातील वेळनोंदणी संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली आणि बॉनव्हिलचा वेगसप्ताह १९४९ पासून भरतो. पण विक्रम केला म्हणून तेथे रोख बक्षीस मिळत नाही. हाती येते ती वेग छापलेली कागदाची एक चिठ्ठी आणि नियमपुस्तकात एक ओळ. ज्यात पैसा नाही, त्यात दुसऱ्याचे नुकसान करून फायदा तो काय होणार?

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते म्हणजे वाट पाहणे. प्रत्यक्ष धाव दोन-तीन मिनिटांत आटोपते. तिच्यासाठी रांगेत मात्र उन्हात कित्येक तास उभे राहावे लागते. रांगेत पुढचा आणि मागचा हीच त्या दिवसाची सोबत. चार तास एकाच छत्रीखाली बसलेला माणूस संध्याकाळी परका राहत नाही, मग त्याचे राजकारण आपल्याला कितीही न पटो.

अनुभवच सांगतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मी एका मित्राचा मदतनीस म्हणून गेलो होतो. त्याची गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, दोन सिलिंडरांची. पहिल्या धावेत तिने विक्रमाचा आकडा थोडक्यात ओलांडला, पण शेवटच्या पाव मैलात इंजिन ठिणगी चुकवू लागल्याचे आम्हांला दुरूनही ऐकू आले. विक्रम ओलांडणारी गाडी तेथे थेट राखीव आवारात न्यावी लागते. तेथे तिच्यावर काम करायला चारच तास मिळतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावायचे असते आणि दोन्ही धावांची सरासरी विक्रमाहून जास्त भरावी लागते. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी निर्माण करणारे उपकरण, थंड असताना निळी, कडक ठिणगी देत होता आणि गरम झाला की मान टाकत होता. जुन्या मॅग्नेटोची गुंडाळी आतून जिरली की असेच होते, आणि चार तासांत ती नव्याने गुंडाळणे अशक्य होते.

शेजारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ दुसऱ्या कोणाची गाडी पाहायला आले होते. आमच्या वर्गातला विक्रम त्यांचाच होता, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांनी काही विचारले नाही. आपल्या ट्रककडे गेले आणि फडक्यात गुंडाळलेला, तशाच बनावटीचा मॅग्नेटो घेऊन आले. तो बसवला आणि मग खरे काम सुरू झाले, ठिणगीचा क्षण जुळवण्याचे. स्पार्क प्लगच्या भोकातून त्यांनी खुणा कोरलेली एक काडी पिस्टनवर टेकवली, मॅग्नेटोच्या दोन टोकांमध्ये सिगारेट वळायचा पातळ कागद अडकवला आणि गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक बोटाबोटाने फिरवायला मला सांगितले. कागद दोन बोटांत धरून ते अगदी हलके ओढत होते. काडीवरची खूण आली आणि त्याच क्षणी कागद सुटला. ‘पुन्हा,’ एवढेच ते म्हणाले. सहा वेळा कागद त्याच खुणेवर सुटला, तेव्हा कोठे त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

दुसऱ्या सकाळी इंजिन एकदाही चुकले नाही, पण आडवा वारा सुटला आणि सरासरी थोडी कमी पडली. विक्रम त्यांचाच राहिला. आम्ही मॅग्नेटो उतरवायला घेतला, तर त्यांनी हात धरला आणि पुढच्या वर्षी आणा म्हणाले. २०१४ चा वेगसप्ताह पावसाने बुडाला, २०१५ चा मीठ खराब झाल्यामुळे रद्द झाला, आणि त्यांची वस्तू त्यांच्या हाती पडायला २०१६ उजाडले. मधल्या काळात त्यांचे तीन फोन आले. तिन्ही वेळा चौकशी माझ्या मित्राच्या पाठदुखीची झाली, मॅग्नेटोची नव्हे.

आता आपल्या बुद्धिबळाकडे येतो. समजा, पटावरचे घोडे आणि उंट बनवणारे कारखाने पन्नास वर्षांपूर्वीच बंद पडले असते आणि तुटलेला उंट पुन्हा कसा घडवायचा हे जगात चाळीसच माणसांना ठाऊक असते, तर त्या चाळिसांतल्या एकाशीही कोणी वैर धरले नसते.

प्रश्न : न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांची कथा मी वाचली आहे. त्यांनी तर सगळे एकट्यानेच केले. मग मित्रमंडळाचे एवढे कौतुक कशाला?

उत्तर : मन्रो यांच्याविषयीचा हा समज लोकप्रिय आहे आणि तो निम्मा खरा आहे. इन्व्हरकार्गिलच्या या गृहस्थांनी १९२० मध्ये घेतलेली इंडियन स्काउट ही अमेरिकन बनावटीची मोटारसायकल मुळात ताशी ५५ मैलांच्या आसपास पळत असे. तिच्यासाठी त्यांनी जुन्या डब्यांच्या साच्यांत पिस्टन ओतले आणि ट्रॅक्टरच्या आसातून कनेक्टिंग रॉड कोरून काढले. हे काम त्यांनी आपल्या शेडमध्ये, बहुधा रात्री, एकट्यानेच केले हे खरे. परंतु १९६२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते समुद्र ओलांडून बॉनव्हिलला पोहोचले तेव्हाचे चित्र वेगळे आहे. परदेशात, मोजक्या पैशांत, इतक्या जुन्या गाडीसह आलेल्या माणसाला धावपट्टीपर्यंत नेणे हे एकट्याचे काम नसते. गाडी ढकलायला माणसे लागतात, धावेनंतर दूरवर थांबलेल्या चालकाला आणायला वाहन लागते. व्हिन्सेंट या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांवर नाव कमावलेले रोली फ्री आणि मार्टी डिकरसन यांच्यासारखी माणसे मन्रो यांच्या मित्रांत होती, आणि ती स्वतःच विक्रमवीर होती.

मला त्यांच्या कथेतला सर्वांत आवडणारा भाग मात्र त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी घडला. १९६७ मध्ये अडुसष्ट वर्षांच्या मन्रो यांनी हजार सीसीखालच्या वर्गात केलेला विक्रम ताशी १८३.५८६ मैल असा नोंदला गेला होता. दोन दिशांच्या धावा होत्या १८४.७१० आणि १८३.४६३. कागदावर बेरीज करून निम्मे करून पाहा, उत्तर १८३.५८६ येत नाही. छापलेले हे आकडे मन्रो यांच्या मुलाच्या नजरेस पडले, त्यांनी अमेरिकन मोटारसायकल संघटनेला चूक कळवली आणि २०१४ मध्ये संघटनेने विक्रम दुरुस्त करून ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, असा नोंदवला. अर्ध्या मैलाचा फरक, माणूस १९७८ मध्येच गेलेला, आणि तरी कोणी ‘आता काय उपयोग’ असे म्हटले नाही. त्यांच्या गाड्या अखेरीस इन्व्हरकार्गिलमधल्याच हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या मित्राकडे गेल्या आणि त्या दुकानात आजही मांडलेल्या आहेत. खिळे-स्क्रू घ्यायला आलेला माणूस जाता जाता त्या पाहतो.

प्रश्न : पोहण्याच्या चड्डीवर मोटारसायकलीवर पालथा पडलेल्या माणसाचे छायाचित्र खरे आहे का? आणि आज असे कोणी करू शकेल का?

उत्तर : छायाचित्र खरे आहे. ते रोली फ्री, तारीख १३ सप्टेंबर १९४८, गाडी व्हिन्सेंट, वेग ताशी १५०.३१३ मैल. आधीच्या धावेत त्यांचे चामडी कपडे वाऱ्याने फाटून फडफडू लागले होते, म्हणून त्यांनी ते उतरवलेच. गाडी त्यांची नव्हती, ती जॉन एडगर यांच्या मालकीची होती. कोणी गाडी दिली, कोणी अंग झोकून दिले, अशा भागीदाऱ्या या खेळात पहिल्यापासून आहेत. न्यूझीलंडमध्ये रसेल राइट आणि रॉबर्ट बर्न्स यांनी २ जुलै १९५५ रोजी एकाच रस्त्यावर, व्हिन्सेंटवरच, अनुक्रमे दोन चाकांचा आणि साइडकारचा जागतिक विक्रम केला. राइट यांचा वेग ताशी १८५ मैल होता.

आज फ्री यांना प्रवेशाच्या तपासणीतच परत पाठवले जाईल. अंगभर चामडी पोशाख लागतो, चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या अंगाला बांधलेली लागते, चाकांच्या व्हॉल्व्हवर धातूच्याच टोप्या लागतात, कारण त्या वेगात प्लॅस्टिकची टोपी टिकेल याचा भरवसा नाही. तपासणारे बहुधा स्वतः एके काळी धावलेले, विनावेतन काम करणारे स्वयंसेवक असतात. नवखा माणूस त्यांच्यावर चिडतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याच्या लक्षात येते की, आपल्या गाडीचा प्रत्येक नट इतक्या काळजीने घरच्या कोणीही पाहिलेला नाही.

प्रश्न : एवढी गोडीगुलाबी वाचून संशय येतो. भांडणे होतच नाहीत का?

उत्तर : होतात, आणि बहुधा नियमपुस्तकावरून होतात. जुन्या इंजिनांच्या वर्गात एक कायमचा वाद असतो. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, जुनी असून आतले सगळे भाग नव्याने घडवले असतील तर ते इंजिन जुने मानायचे का? आणि क्रँककेसच हुबेहूब नव्याने ओतली असेल तर? एका बाजूचे म्हणतात की, शंभर वर्षांचा धातू थकतो, तो फुटून माणूस मरण्यापेक्षा नवा ओतलेला बरा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, मग आजचीच गाडी घ्या की! मी पहिल्या बाजूचा आहे, पण दुसऱ्या बाजूच्यांच्या गाड्या पाहायला मला जास्त आवडतात, हे कबूल केले पाहिजे.

मोठ्या संस्थांमधले वाद तर वर्षानुवर्षे चालले आहेत. १९५६ मध्ये टेक्सासच्या तिघांनी ६५० सीसीचे ट्रायम्फ इंजिन घातलेली एक लांबोडकी गाडी बॉनव्हिलला आणली. विमानचालक स्टॉर्मी मँगम यांनी ती बांधली, जॅक विल्सन यांनी इंजिन तयार केले आणि जॉनी ॲलन यांनी ती ताशी २१४ मैलांनी पळवली. अमेरिकन संघटनेने विक्रम मानला, आंतरराष्ट्रीय महासंघाने मानला नाही. ट्रायम्फने पुढे आपल्या गाडीला बॉनव्हिल हे नाव दिले ते याच पराक्रमावरून, म्हणजे अमान्य विक्रमाचे नाव मान्य विक्रमांपेक्षा जास्त पेट्रोल टाक्यांवर झळकले.

गुपितांचे म्हणाल, तर तीही असतात. झडपा उघडणाऱ्या कॅमचा आकार आणि इंजिनाच्या हेडमधल्या हवा-इंधनाच्या मार्गांची वळणे सहसा कोणी दाखवत नाही. हेड उघडले की वर फडके पडते आणि पाहणारा समजूतदारपणे दुसरीकडे पाहू लागतो. उलट, कार्ब्युरेटरच्या जेटचा, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्राचा, क्रमांक विचारला तर लगेच सांगतात. याला कारण आहे. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच आहे. दुपारी हवा तापून विरळ झाली की इंजिनाला ती सहा हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या हवेसारखी लागते, हवा कमी आणि इंधन जास्त होते, आणि सकाळचा जेट दुपारी चालत नाही. त्यामुळे आज सकाळचा क्रमांक सांगितल्याने उद्या दुपारचे काहीच उघड होत नाही. दिलदारपणात थोडा हिशोबही असतो, असे समजा.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे जुनी गाडी नाही, पैसेही नाहीत. अशा वर्तुळात बाहेरच्या मुलीला कोणी उभे करील का?

उत्तर : करतील, पण पहिल्या दिवशी गाडीवर बसवतील अशी अपेक्षा ठेवू नका. वाहने ओढून नेणे, रांग लावणे, शंकू मांडणे, प्रवेशाचे कागद तपासणे, या सर्वांना स्वयंसेवक कमीच पडतात. तेथे तीन दिवस वेळेवर हजर राहणाऱ्या व्यक्तीला चौथ्या दिवशी नावाने हाक मारतात. पुढचा दरवाजा स्पार्क प्लग वाचण्याचा आहे. मोजलेला मैल संपताच चालक एकाच क्षणी इंजिन बंद करतो आणि क्लच दाबतो, म्हणजे पूर्ण वेगातल्या ज्वलनाची खूण प्लगवर तशीच राहते. तो प्लग काढून भिंगातून पाहणाऱ्यांचे एक छोटे कोंडाळे प्रत्येक तंबूत दिसते. त्यात नम्रपणे मान घालून ‘या कड्याचा रंग कोठून मोजायचा?’ असे विचारा. ‘गाडीची किंमत किती?’ असे विचारणाऱ्याला तेथे पर्यटक समजतात, पण प्लगविषयी विचारणाऱ्याला बसायला जागा करून देतात.

स्वतः धावायचे झाल्यास नवख्याला टप्प्याटप्प्याने वेग वाढवत परवाना मिळवावा लागतो, मग तो कोणाचाही मुलगा असो वा मुलगी. स्त्रियांविषयी म्हणाल, तर विक्रमवीर डॉन व्हेस्को यांच्या गाडीवर मार्शिया हॉली यांनी १९७८ मध्येच ताशी दोनशे मैलांचा टप्पा ओलांडला होता. मंडळी वयस्कर आहेत आणि आपले हातचे कसब कोणाला तरी द्यायला उतावीळ आहेत. घरच्या नातवंडांना बहुधा मॅग्नेटोत रस नसतो. आपल्याला तो असेल तर गाडी नसणे ही फार मोठी अडचण नाही.

प्रश्न : मीठच संपत चालले आहे असे वाचले. मग हे सगळे मोडणार का?

उत्तर : मिठाचा थर पूर्वीपेक्षा पातळ झाला आहे आणि वापरण्याजोगी धावपट्टी आखडली आहे, हे खरे. शेजारच्या पोटॅश उद्योगासाठी खारे पाणी काढले जाते आणि त्याबरोबर मीठही जाते; धावणाऱ्यांच्या पाठपुराव्यामुळे १९९७ पासून काही वर्षे हिवाळ्यात खारे पाणी पुन्हा मैदानावर सोडण्याचा प्रयोग झाला. तो पुरेसा होता का, यावर मतभेद आहेत. मंडळींनी मात्र एका जागेवर जीव टांगून ठेवलेला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर सरोवराच्या मिठावर मार्चमध्ये, कॅलिफोर्नियाच्या एल मिराज या कोरड्या तळ्यावर आणि वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवरही अशा धावा होतात. बॉनव्हिलची जागा यांतले कोणतेही ठिकाण घेऊ शकत नाही, पण माणसे बरीचशी तीच भेटतात.

प्रश्न : फक्त पाहायला जायचे असेल, तर काय न्यावे?

उत्तर : पाणी, रुंद कडांची टोपी आणि उन्हाचे मलम. मलम नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही लावावे, कारण मीठ पांढरे असल्याने ऊन खालूनही भाजते. पहिल्या वर्षी मी हे केले नाही आणि आठवडाभर नीट शिंकू शकलो नाही. परत आल्यावर गाडी खालून भरपूर पाण्याने धुवावी, नाहीतर गंज चढलाच म्हणून समजा. घडीची खुर्ची मात्र एक न नेता दोन न्याव्यात. दुसरीवर दहा मिनिटांत कोणीतरी येऊन बसेल आणि कार्ब्युरेटरविषयी बोलू लागेल.